धूर झोपेत गाठतो

जुलै उजाडला की सोसायट्यांच्या कार्यालयांत ‘फॉर्म बी’ची लगबग सुरू होते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. एजन्सीचा माणूस येतो, पंप चालवून बघतो, नळ तपासतो, जिन्यातल्या लाल सिलिंडरची तारीख पाहतो. हे सगळे व्हायलाच हवे. पण बहुतेक जुन्या इमारतींत ही तपासणी फ्लॅटच्या दाराबाहेरच संपते. दाराच्या आत, जिथे आपण रात्री निर्धास्त झोपतो, तिथे आग लागल्याची खबर देणारे काहीच नसते. या स्तंभात पाणी, पार्किंग, पुनर्विकास यांवर पुष्कळ लिहून होते. आज दाराच्या आतल्या या उणिवेबद्दल लिहितो आहे.

६ ऑक्टोबर २०२३. गोरेगाव पश्चिमेच्या आझाद नगरमधली ‘जय भवानी’ ही झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली इमारत. पहाटे तीनच्या सुमारास खाली पार्किंगमध्ये आग लागली. तिथे दुचाकी होत्या, चिंध्यांचे गठ्ठे होते. आग खाली भडकली आणि धूर जिन्यातून वर चढला. किमान सात जण दगावले, चाळीसहून अधिक जखमी झाले. बरोबर एक वर्षाने, ६ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे, चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान आणि वर घर असलेल्या एका जागेत आग लागली आणि एकाच कुटुंबातल्या सात जणांचा बळी गेला. त्यानंतर दहाच दिवसांनी अंधेरीच्या लोखंडवालात ‘रिया पॅलेस’ या उंच इमारतीत दहाव्या मजल्यावरच्या घरात तिघे गेले. पुनर्वसनातली इमारत, दुकानावरचे घर, लोखंडवालातला फ्लॅट. घराची किंमत पाहून आग येत नाही, आणि धूरही नाही.

आगीत माणूस भाजून मरतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ज्वाळा पोहोचण्याआधी धूरच पुष्कळदा काम संपवतो. डिसेंबर २०१८ मध्ये मरोळच्या कामगार रुग्णालयाला लागलेल्या आगीत बहुतेक बळी गुदमरूनच गेले होते. आजच्या घरात फोमच्या गाद्या, सोफे, प्लॅस्टिक, लॅमिनेटची कपाटे आणि सिंथेटिक पडदे असतात. ते पेटले की काही मिनिटांत दाट काळा धूर खोली भरून टाकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, मेंदूला प्राणवायू पुरत नाही आणि माणूस उठण्याआधीच बेशुद्ध होतो. ‘धुराचा वास आला की जाग येईलच’ हा भरवसाही खोटा आहे. गाढ झोपेत आपले नाक जवळजवळ बंद असते. कान मात्र जागे राहू शकतात. म्हणून झोपलेल्या घराला आवाज देऊन उठवणारे यंत्र लागते.

ते यंत्र आहे, आणि महाग नाही. बॅटरीवर चालणारा, छताला दोन स्क्रूंनी बसणारा साधा स्मोक अलार्म हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा घ्यावा. त्याच्या आतल्या छोट्या कप्प्यात प्रकाशाचा एक झोत सरळ जात असतो. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि भोंगा वाजतो. तीन मीटरवर सुमारे ८५ डेसिबल इतका तो कर्कश असतो. धुमसत राहणारी आग, म्हणजे गादीवर पडलेली विडी किंवा तापत गेलेली वायर, या प्रकारचा अलार्म लवकर ओळखतो. आपल्याकडच्या घरांत लागणाऱ्या आगींमागे वायरिंगचा दोष वारंवार आढळतो, त्यामुळे हा गुण महत्त्वाचा. घेताना खोक्यावर ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ हे मानक लिहिलेले आहे का, एवढे पाहावे. अमेरिकेतल्या आगींच्या नोंदी सांगतात की अलार्म चालू असलेल्या घरांत आगीमुळे मृत्यू येण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली येते.

‘आमच्याकडे रोज फोडणी असते, संध्याकाळी धूप-उदबत्ती असते, हा सारखा कोकलत बसेल,’ ही तक्रार लगेच येते. तक्रार रास्त आहे, उपायही सोपा आहे. स्मोक अलार्म स्वयंपाकघरात बसवायचाच नाही. तिथे तापमानावर चालणारा हीट अलार्म असतो. स्मोक अलार्मची जागा झोपण्याच्या खोलीत, किंवा खोल्यांच्या मधल्या पॅसेजमध्ये, छताच्या मध्याजवळ, शेगडीपासून आणि देवघरापासून जमेल तितकी लांब. वन-रूम-किचन असेल तर बाहेरच्या खोलीत, झोपायच्या बाजूला. महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबायचे आणि दहा वर्षांनी यंत्र बदलायचे. यापलीकडे त्याची देखभाल फारशी नाही.

वाजले तर पुढे काय, हा प्रश्न त्याहून मोठा. उपनगरातल्या हजारो खिडक्यांना बॉक्स ग्रिल आहे आणि त्यातल्या फार थोड्यांत उघडणारी झडप आहे. चोर आत येऊ नये म्हणून लावलेले हे लोखंड आगीच्या वेळी माणसाला बाहेर पडू देत नाही. एका खिडकीला तरी आतून उघडणारी झडप करून घ्या, किल्ली तिथेच टांगून ठेवा. जिन्यातली चपलांची कपाटे, जुन्या सायकली, गठ्ठे काढा. गच्चीचे कुलूप कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत असू द्या. तळमजल्यावरची मीटरची खोली भंगार ठेवायची जागा नव्हे. घाटकोपरच्या ‘विश्वास’ इमारतीत डिसेंबर २०२२ मध्ये मीटरच्या खोलीतच आग लागली, एक जण दगावला आणि लगतच्या रुग्णालयातून रुग्णांना हलवावे लागले. ई-स्कूटरची बॅटरी रात्रभर घरात चार्जिंगला लावू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत अशाच बॅटरीच्या स्फोटात सात वर्षांचा मुलगा गेला.

अलार्म वाजला की लिफ्ट नाही, जिना. निघताना पेटलेल्या खोलीचे दार ओढून घ्यायचे, कारण बंद दार धुराला मोलाची काही मिनिटे अडवते. जिन्यातच धूर असेल तर बाहेर पडू नका. दाराच्या फटीत ओले कापड कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीत उभे राहा, १०१ ला फोन करा. परळच्या ‘क्रिस्टल टॉवर’ला ऑगस्ट २०१८ मध्ये आग लागली तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शेजाऱ्यांना ओले कापड नाकातोंडाशी धरायला लावले. हे ती शाळेत शिकली होती. ओले कापड धुराचे कण अडवते, विषारी वायू नाही. तरीही तिच्या शांतपणामुळे लोक सैरावैरा धावले नाहीत. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. मुलांना हे शिकवता येते, मोठ्यांनाही येईल.

सर्वांत जास्त काळजी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची वाटते. टिळक नगरच्या ‘सरगम’ सोसायटीत २०१८ च्या डिसेंबरात पाच जण गेले, त्यांत ज्येष्ठ नागरिकच अधिक होते. मुलुंड, बोरिवली, घाटकोपरच्या जुन्या सोसायट्यांत असे आजी-आजोबा मजल्यामजल्यावर आहेत. त्यांची मुले पुण्यात नाहीतर परदेशात. त्यांच्या घरातला अलार्म शेजारच्या घरात ऐकू गेला पाहिजे, आणि ऐकणाऱ्याकडे त्यांच्या दाराची किल्ली पाहिजे.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ माणसे गेली. त्यानंतर स्कॉटलंडने कायदा केला आणि फेब्रुवारी २०२२ पासून तिथे प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले अलार्म बंधनकारक झाले. आपल्याकडे जुन्या घरांसाठी अशी सरसकट सक्ती नाही. ती यावी, आणि महापालिकेने सुरुवात पुनर्वसन इमारतींपासून करावी, तीही स्वतःच्या खर्चाने, कारण धोका तिथे मोठा आणि खिसा लहान आहे.

पण सोसायटीला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे. त्या सभेच्या विषयपत्रिकेत एक ठराव घाला: प्रत्येक घरात किमान एक स्मोक अलार्म, खरेदी एकगठ्ठा, वृद्धांची घरे सर्वांत आधी. सभेच्या दिवशी एक अलार्म सगळ्यांसमोर वाजवून दाखवा, म्हणजे त्याचा आवाज मुलांच्याही ओळखीचा होईल. तुम्ही समितीत नसाल तर सचिवांना आजच दोन ओळींचे पत्र द्या, आणि ठरावाची वाट न पाहता आपल्या घराच्या छताला एक अलार्म लावून टाका.