सायंवर्ग हवेत, पण कोणाच्या वेळेने?

प्रौढ कामगारांसाठी संध्याकाळचे तांत्रिक वर्ग हवेत, याविषयी गोव्यात फारसे दुमत आढळणार नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील अनेक ट्रकचालकांना आणि यंत्रचालकांना ऐन चाळिशीत नवे काम शोधावे लागले. हाती कसब होते, प्रमाणपत्र नव्हते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेशासाठी कमाल वयाची अट नाही, हे खरे. पण घर चालवणारा माणूस रोजंदारी बुडवून दिवसा वर्गात बसणार कसा?

अडचण अभ्यासक्रमात कमी, वेळापत्रकात अधिक आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षभराच्या पूर्ण अभ्यासासाठी १२०० तास धरले आहेत. रोज दोन तास आणि आठवड्याचे पाच दिवस या हिशेबाने त्याला १२० आठवडे, म्हणजे एकही सुट्टी न धरता सव्वादोन वर्षांहून अधिक काळ लागतो. चतुर्थी, शिमगा, घरातले आजारपण सांभाळून इतके टिकणारे विरळाच. त्याच आराखड्यात एक श्रेयांक ३० तासांचा, अर्थात तीन आठवड्यांचा आहे. वर्गांची बांधणी या मापाने झाली आणि प्रत्येक टप्प्याची परीक्षा तेथल्या तेथे घेतली, तर खंड पडलेल्या वेल्डरला पुन्हा पहिल्या धड्याकडे वळावे लागणार नाही.

पाळ्यांचा प्रश्न याहून बिकट. वेर्णा, कुंडई यांसारख्या औद्योगिक वसाहतींत ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याचा सायंवर्ग दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात हमखास बुडतो. गैरहजेरीचा शिक्का मात्र त्याच्यावरच बसतो! तोच धडा सकाळी आणि सायंकाळी असा दोनदा घेण्यावाचून यावर इलाज दिसत नाही. निदेशकांच्या मानधनाचा खर्च त्यामुळे वाढेल. लेथ आणि वेल्डिंगची यंत्रे मात्र नव्याने घ्यावी लागणार नाहीत, दिवसाच्या तुकड्या सुटल्यावर आहे तीच वापरता येतील.

महिलांसाठी तर सायंकाळ ही बहुतेक घरांत चुलीची वेळ. त्यांना रविवारची तुकडी अधिक सोयीची. शिवाय वाळपई-सांगेच्या आडगावांत परतणाऱ्यांसाठी वर्ग सुटण्याची वेळ ठरवताना कदंबच्या शेवटच्या बसचे वेळापत्रक समोर ठेवावे लागेल.