गाडी रिकामी का परतते?

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव हे काही मोठ्या बाजारपेठेचे गाव नव्हे. किराणा गावात, कपडालत्ता आणि लग्नाचा बस्ता केजला किंवा अंबाजोगाईला, अशी अशा गावांची जुनी घडी. ती आता विस्कटली आहे. मोबाइलवर बोट टेकवले की दूरच्या गोदामातून निघालेले खोके चार-सहा दिवसांत दारात येते. चपला येतात, साड्या येतात, मिक्सर येतो, इतकेच काय, चटणीची पाकिटेही येतात! ज्या मातीत करडई, तूर आणि ज्वारी पिकते, जिथल्या घराघरांत जवसाची आणि कारळाची चटणी उखळात कुटली जाते, तिथे चटणी परगावाहून यावी आणि तिचे पैसे परगावी जावेत, यापरता व्यापारातील उलटा प्रवाह कोणता असेल? खोकी आणणारी गाडी भरून येते आणि बहुधा रिकामी परतते. खेड्याच्या आजच्या अर्थकारणाचे याहून नेमके चित्र सापडणार नाही.

हा प्रश्न केवळ व्यापाराचा नाही. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. दसरा सरला की टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या फडात सहा-सहा महिने राबतो. मुलांची शाळा मागे राहते, म्हातारी माणसे कुलपाच्या राखणीला राहतात. गावात बसून महिन्याला चार-पाच हजार रुपये नियमाने मिळवून देणारा उद्योग शहरी वाचकाला क्षुल्लक वाटेल. परंतु पुढच्या हंगामाची उचल घ्यायची की नाही, हे ठरण्याइतके वजन त्या रकमेत असते. इंटरनेटवरील छोट्या दुकानाकडे पाहायचे ते या दृष्टीने.

तथापि ‘घरबसल्या लाखो कमवा’ असे सांगणाऱ्या शिबिरवाल्यांपासून तरुणांनी चार हात दूर राहिलेलेच बरे. या व्यवसायाचे गणित निष्ठुर आहे. समजा, शेंगदाण्याच्या चटणीचे पाव किलोचे पाकीट 150 रुपयांना विकले. शेंगदाणे, मिरची, लसूण आणि मजुरी मिळून 70 रुपये, पाकीट आणि खोके 15, टपाल किंवा कुरिअर 50, विक्रीमंचाची दलाली 10. हाती उरले 5 रुपये! त्यातून माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सवलत दिली आणि ग्राहकाने दारातून पाकीट परत पाठवले, तर जाण्या-येण्याच्या वाहतुकीपोटी 100 रुपये गेले. म्हणजे वीस पाकिटांची कमाई एका नकारात बुडाली. चटणी चांगली असूनही धंदा बसतो तो येथे. उपायही याच गणितात आहे. एकेक पाकीट न पाठवता चार चटण्या, करडईचे तेल, डाळ असा एकत्रित संच पाठवावा, म्हणजे वाहतुकीचा भार विभागला जातो. पैसे आगाऊ घ्यावेत. यूपीआय 2016 साली आल्यापासून ते अवघड राहिलेले नाही.

काय विकावे, याचाही विवेक हवा. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा जिल्ह्याला रास्त अभिमान आहे. पण पिकलेले सीताफळ दोन दिवसही दम धरत नाही. शीतसाखळीवाचून ते कुरिअरने पाठवणे म्हणजे नुकसान विकत घेणे. टिकाऊ, कोरडा, वजनाच्या मानाने किमती असा मालच खेड्यातून दूर जाऊ शकतो. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या हा तसा माल आहे. गावात तिची किंमत कोणी करत नाही; शहरात तिची वाखाणणी होते.

कायद्याची बाजू पूर्वीइतकी जाचक उरलेली नाही. वस्तू व सेवा कर 2017 साली लागू झाला, तेव्हा विक्रीमंचावरून माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी बंधनकारक होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून, राज्याच्या आतच माल विकणाऱ्या आणि 40 लाखांच्या मर्यादेखालील विक्रेत्याला त्यातून सूट मिळाली. मात्र राज्याची सीमा ओलांडली की ही सूट संपते. केजहून मुंबईला पाठवलेला माल सवलतीत आणि हैदराबादला पाठवलेला नोंदणीच्या कक्षेत! 1948 पर्यंत ज्या संस्थानात हा मुलुख होता त्याच्या राजधानीपेक्षा मुंबई आता सोयीची झाली, ही इतिहासाची गंमत म्हणायची. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा नोंदणी मात्र हवीच. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणेही चुकवता येत नाही, आणि ते चुकवूही नये.

खरा पेच विक्रीमंचाचा आहे. 2018 साली फ्लिपकार्टची सुमारे 77 टक्के मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टकडे गेली. अ‍ॅमेझॉन तर मुळातच तिकडची. विदेशी भांडवलाच्या मंचाने स्वतःचा माल विकू नये, हे बंधन सरकारने 1 फेब्रुवारी 2019 पासून कडक केले, ते योग्यच झाले. पण मंच ज्याचा, दलालीचा दर त्याचा आणि ग्राहकाचा पत्ताही त्याचाच. छोटा विक्रेता तेथे दुकानदार नसतो, भाडेकरू असतो. केंद्र सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर 2021 मध्ये स्थापन झालेले ‘ओएनडीसी’ हे खुले जाळे यावर उत्तर म्हणून आले. एका अ‍ॅपवरील ग्राहकाने दुसऱ्या अ‍ॅपवरील विक्रेत्याकडून घ्यावे, ही त्यामागील कल्पना. कल्पना उत्तम आहे, परंतु गावातल्या बचतगटाचे बोट धरून तिथवर नेणारा कार्यकर्ता असल्याशिवाय ती कागदावरच राहील.

असा कार्यकर्ता काय करू शकतो, याचा दाखला मुंबईतच आहे. 1959 साली गिरगावात सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच ‘लिज्जत’. तिचे मर्म जाहिरातीत नाही. पीठ केंद्रात एका मापाने मळले जाते, लाट्या घरोघरी जातात, लाटलेले पापड केंद्रात तपासून घेतले जातात. म्हणून हजारो हातांच्या पापडाला चव एकच राहते. ऑनलाइन ग्राहक बाईंचा चेहरा पाहत नाही, दुसऱ्या वेळचे पाकीट पहिल्यासारखेच आहे का, तेवढे पाहतो. बचतगटांच्या मालाची वाट अडते ती बहुधा या दुसऱ्या पाकिटाशी. एका घरची चटणी तिखट, दुसऱ्या घरची खारट, आणि वर ‘घरगुती’ हे निमित्त!

शहरी ग्राहकही यात निर्दोष नाही. स्वदेशीवरील व्याख्यानाला टाळ्या वाजवून घरी परतणारी कुटुंबे रात्री त्याच विदेशी मंचावर दोन रुपयांची घासाघीस करतात, आणि प्रदर्शनात बचतगटाच्या ताईंकडे मात्र ‘इतके महाग?’ म्हणून विचारणा करतात. पुण्या-ठाण्यातील एका गृहसंकुलाने तीस घरांची वर्षभराची डाळ-चटणी एकाच गटाकडे नोंदवली, तर सगळा माल एका टेम्पोत येईल. वाहतुकीचे ते 50 रुपये पाकिटामागे दोन-तीन रुपयांवर येतील आणि दलालीही वाचेल. येथे ऑनलाइन दुकान म्हणजे भ्रमणध्वनीवरील एक समूह आणि हिशेबाची वही, इतकेच पुरते.

फक्त ही मागणी वेळेवर गेली पाहिजे. दिवाळीच्या तोंडावर आठवण होऊन उपयोग नाही, कारण तोवर टोळ्या फडावर पोचलेल्या असतात. मुकादम उचलीचे पैसे घेऊन गावात फिरू लागतो, तो पावसाळ्यातच. ग्राहकाचे आगाऊ पैसे त्याच्या आधी पोचायला हवेत.