परदेशी शिक्षणाची शिदोरी

परदेशातील नामांकित विद्यापीठाने प्रवेश दिला, शासनाच्या निवड यादीत नावही आले आणि तरीही विद्यार्थी घरीच राहिला, असे होऊ शकते काय? जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजनेने हा प्रश्न ऐरणीवर आणला. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी असलेल्या या योजनेत वर्षाला १२५ जागा आहेत. त्या वर्षी निवड झाली १०६ जणांची. तात्पुरती पत्रे मात्र पहिल्या टप्प्यात अवघ्या ४० जणांना मिळाली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र देऊ, असे कळविण्यात आले. सप्टेंबरात वर्ग भरणार आणि जुलैत ही भाषा!

राज्यातही चित्र फारसे वेगळे नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून दरवर्षी अनुसूचित जातींतील ७५ विद्यार्थ्यांना परदेशी पाठविले जाते. २०२४मध्ये दहावीपासून पदवीपर्यंत ७५ टक्के गुणांची अट घालण्यात आली आणि ओरड होताच ती मागेही घेण्यात आली. अट गेली हे बरेच झाले. पण परदेशी प्रवेशाची तयारी वर्ष-दीड वर्ष आधी सुरू होते. नियम असे ऐन वेळी बदलू लागले, तर त्या तयारीला काही अर्थ राहत नाही.

प्रश्न केवळ रक्कम किती याचा नाही, ती केव्हा हाती पडते याचाही आहे. नामांकित विद्यापीठांची बहुतेक प्रवेशपत्रे मार्च-एप्रिलपर्यंत येतात. त्याआधीच इंग्रजीच्या परीक्षेचे आणि अर्जांचे शुल्क भरावे लागते. त्यानंतर जागा राखण्यासाठी अनामत. ब्रिटनच्या व्हिसासाठी आवश्यक ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात असल्याचे दाखवावे लागते, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. जर्मनीला जायचे, तर शिष्यवृत्तीचे पक्के पत्र नसल्यास वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवण्याची अट २०२४पासून आहे. सुखवस्तू घरात हे पैसे ठेव मोडून उभे राहतात. शेतमजुराच्या घरी मोडायला ठेवच नसते आणि बँक तारणाशिवाय मोठे कर्ज देत नाही. लाखोंची शिष्यवृत्ती मंजूर होऊनही काही हजारांसाठी अडून राहावे लागते ते इथे.

ही अडचण नवी नाही. १९१३मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७मध्ये मुदत संपताच लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुढे १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या आधारे. एका दात्याने सोडलेली जागा अशी तिघांनी मिळून भरून काढली होती.

जमशेटजी टाटांनी १८९२मध्ये जो निधी उभारला, त्याची रचना या दृष्टीने आजही अभ्यासण्यासारखी आहे. तेथे मिळते ती कर्जाऊ शिष्यवृत्ती. परत आलेले पैसे पुढच्या तुकडीला मिळतात. पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, पुढे के. आर. नारायणन आणि जयंत नारळीकर हेही याच निधीच्या बळावर इंग्लंडला गेले. मात्र ज्या घरात शिक्षणाची पहिलीच पिढी आहे, तेथे कर्जाचा बोजा लादणे न्याय्य नाही. त्यांना अनुदानच हवे. परंतु प्रवेश आणि प्रस्थान यांच्यातील दोन-तीन महिन्यांसाठी फिरता निधी असेल, तर सरकारी पैसे येताच तो परत भरता येईल आणि तुलनेने लहान गंगाजळीतूनही वर्षानुवर्षे अनेकांची सोय होईल.

असा निधी उभारण्याची जबाबदारी विद्यापीठांनीच घ्यायला हवी. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची. त्याचे माजी विद्यार्थी जगभर विखुरले आहेत, पण मातृसंस्थेला त्यांची आठवण होते ती बहुधा स्नेहमेळाव्यापुरती. उद्योगांकडे वळावे, तर तेथे नियम आडवा येतो. सामाजिक दायित्वाच्या २ टक्के खर्चात परदेशातील उपक्रम धरता येत नाहीत. २०२१च्या नियमांनी त्याला अपवाद केला आहे तो क्रीडापटूंच्या प्रशिक्षणाचा! राज्याचे वा देशाचे प्रतिनिधित्व करणारा नेमबाज परदेशी सरावाला गेला, तर तो खर्च कंपनीच्या खाती मोजला जाईल; संशोधनासाठी निघालेल्या मुलीच्या बाबतीत मात्र तिचा हिशेब तपासनीस आधी हरकतीचा विचार करील. नेमबाजाला मिळते त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. त्याच ओळीत विद्यार्थ्यांचा उल्लेख करणे केंद्राच्या हाती आहे आणि त्यासाठी कायदा नव्हे, केवळ नियम बदलावा लागेल.