राजवाडा बघा, पण फुगेराय चुकवू नका

जर्मनीत रोड ट्रिपला निघालेल्या प्रत्येकीला नॉयश्वानस्टाइनचा पांढराशुभ्र किल्ला बघायचा असतो. जरूर बघा, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण त्या वाटेवरचा सगळ्यात मोलाचा मुक्काम कोणता असं विचाराल, तर मी आउग्सबुर्ग शहरातल्या एका साध्या वस्तीचं नाव घेईन. तिचं नाव फुगेराय. किल्ल्याला अर्धा दिवस पुरतो, या वस्तीला मात्र निवांत वेळ द्या.

आम्ही गेलो तो रस्ता व्युर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्युसेनपर्यंत, साधारण 460 किलोमीटरचा. त्याला 'रोमँटिक रोड' म्हणतात. गावं शेकडो वर्षांची, पण हे नाव 1950 सालचं. युद्धात पोळलेल्या देशात पर्यटक पुन्हा यावेत म्हणून ठेवलेलं. जावई गाडी चालवत होते, आम्ही दोघं मागे, डब्यात ठेपले आणि खाकरे. जूनमध्ये तिथे सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो, त्यामुळे वेळेत जेवण उरकायची धावपळ नाही. रोथेनबुर्गचे 'श्नीबालन' दिसायला आपल्या चिरोट्यांचे भाऊबंद, पण पिठात अंडं असतं, तेव्हा दुरूनच नमस्कार.

याच रोथेनबुर्गच्या तटबंदीवर चालताना भिंतीत बसवलेले नावांचे दगड दिसतात. 31 मार्च 1945 ला गावावर बॉम्ब पडले, घरांबरोबर तटाचाही मोठा भाग ढासळला. नंतर जगभरातल्या लोकांनी देणग्या देऊन तो उभा केला, आणि देणाऱ्यांची नावं दगडांवर कोरली. आपल्या मंदिराच्या पायऱ्या आणि धर्मशाळेतले पंखे आठवले की नाही? मी कॉमर्सवाली. कुठलीही वास्तू बघितली की मला तीन प्रश्न पडतात. पैसा कोणाचा? बांधलं कोणासाठी? आणि आज ती कशावर उभी आहे?

नॉयश्वानस्टाइनला हेच विचारू. बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने 1869 मध्ये बांधकाम सुरू केलं. राज्याची तिजोरी नाही, स्वतःचा तनखा आणि कर्जं यांवर. 1885 पर्यंत त्याच्या डोक्यावर सुमारे 1 कोटी 40 लाख मार्कांचं कर्ज झालं होतं. एवढं करून तो तिथे राहिला सगळे मिळून 172 दिवस. 1886 मध्ये तो गेला आणि दोन महिन्यांच्या आत लोकांना तिकीट लावून महाल दाखवायला सुरुवात झाली. लोकांपासून दूर, एकट्याने राहण्यासाठी बांधलेली वास्तू आज वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक बघतात. आत मात्र एकही चूल पेटत नाही.

आता फुगेराय. याकोब फुगर हा आउग्सबुर्गचा बडा सावकार. विणकराच्या घराण्यातला, व्हेनिसमध्ये व्यापार शिकलेला. त्याच्या पेढीच्या वहीत संत उलरिश यांच्या नावाने वेगळं खातं होतं, धर्मकार्यासाठी. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांचं धर्मादा खातं असतं तसंच. 1521 मध्ये त्याने शहरातल्या गरजू कष्टकऱ्यांसाठी ही वस्ती ट्रस्ट करून दिली. वर्षाचं भाडं एक गुल्डन. ते आजही तेवढंच आहे, म्हणजे 88 सेंट, पुरते शंभर रुपयेही नाहीत. हीटिंगचा वगैरे खर्च वेगळा. शिवाय रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. सुमारे 140 घरं, प्रत्येकाला स्वतंत्र दार, म्हणजे वरच्या मजल्यावरच्यालाही कोणाच्या उंबऱ्यातून जावं लागत नाही. देणाऱ्याने घेणाऱ्याचा मानही सांभाळला, हे मला फार भावलं. संगीतकार मोझार्टचे पणजोबा इथेच राहिले होते. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात वस्ती उद्ध्वस्त झाली, ट्रस्टने ती पुन्हा बांधली. आज मुख्य खर्च ट्रस्टच्या जंगलांच्या उत्पन्नातून भागतो, तिकिटांची भर वेगळी. खिडकीत जेरेनियमच्या कुंड्या आहेत, आणि त्यांना पाणी घालणारी माणसं आहेत.

कोणी म्हणेल, फुगर काही संत नव्हता. बरोबर आहे. खाणी आणि राजांना दिलेली कर्जं यांवर त्याने पैसा केला. 1519 मध्ये पाचवा चार्ल्स सम्राट म्हणून निवडून यावा यासाठी पैसा पुरवणाऱ्यांत तोच मोठा. आणि घर मिळायचं तर कॅथलिक असायला हवं, ही अट अजून आहे. ही बाजू झाकायची नाही. पैसा कसा मिळवला याचा हिशेब त्याच्या नावे राहणारच, दानाने तो पुसला जात नाही. पण दान कसं द्यावं हे मात्र त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. त्याने इमारत दिली आणि ती चालवायची सोयही करून दिली, म्हणून पाचशे वर्षांनंतरही तिथे दिवा लागतो.

आपल्याकडे याला ध्रौव्य फंड म्हणतात. शब्द आपल्याला नवा नाही. तरी नव्या बांधकामाची बोली लागली की हात पटापट वर होतात, आणि जुन्या धर्मशाळेच्या गळक्या छताचा विषय निघाला की सभेत शांतता पसरते. एकट्या राहणाऱ्या, भाडं न झेपणाऱ्या आपल्याच काकू-मावशींसाठी दहा खोल्या बांधाव्यात, त्यांचा पुढच्या पिढ्यांचा खर्च आधी बाजूला काढावा आणि मगच कोनशिला बसवावी, असं मला मनापासून वाटतं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय आपणच काढायला हवा. घर चालवायला काय लागतं ते आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे?