‘एक दिवस चालतं हो, डॉक्टर!’ नाही, नेमका तोच दिवस चालत नाही

शनिवारी सकाळी हातखंब्याच्या तिठ्यावर दहा मिनिटं उभे राहा. मुंबईकडून आलेल्या गाड्या एकेक करून थांबतात. कोणी उजवीकडे रत्नागिरीला वळणार असतं, कोणी सरळ पालीवरून साखरप्यामार्गे आंबा घाट चढणार असतं. डिकीत तंबू, चटया, मुलांचे नवे ट्रेकिंगचे बूट. सगळी तयारी चोख. आणि मग दुकानातून बाबा परत येतात. हातात पिशवी असते: वेफर्सचे सहा पुडे, क्रीमची बिस्किटं, दोन लिटरची कोला आणि रात्रीच्या शेकोटीसाठी मार्शमॅलोचं पाकीट.

बुटांवर हजारो रुपये खर्च करणारं हे कुटुंब त्या बुटात चालणाऱ्या मुलाच्या पोटाचा विचार मात्र दोन मिनिटांत उरकतं.

गेल्या मे महिन्यात अशाच एका सहलीवरून परतलेली नऊ वर्षांची मुलगी माझ्यासमोर बसली होती. सकाळी तीन तास डोंगर चढून-उतरून आलेली. डोकं दुखतंय, मळमळतंय, दोन उलट्या झालेल्या, सकाळपासून लघवी एकदाच. “काय काय खाल्लं?” असं विचारलं. वेफर्स, बिस्किटं, कोला. पाणी? “पाणी प्यायलीच नाही, कोला होती ना!” मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “एक दिवस चालतं हो, डॉक्टर!”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आज त्याच्याशीच भांडायचं ठरवलं आहे.

एरवी चालेल, त्या दिवशी नाही

मूल दिवसभर घरात बसून असेल, एसीत सिनेमा बघत असेल, तर एखाद्या दिवशीच्या वेफर्सने आभाळ कोसळत नाही. हे मी डॉक्टर म्हणून सांगतो. पण ज्या दिवशी मूल खरोखर अंगमेहनत करतं, कोकणातल्या दमट हवेत चढतं, धावतं, घामाने निथळतं, तो दिवस सवलत घ्यायचा नाही. वर्षातले जे मोजके दिवस त्याचं शरीर अन्नाकडून खरं काम मागतं, त्यातला तो एक असतो.

आपली हवा विसरू नका. घाम येतो, पण हवेत आधीच बाष्प भरलेलं असल्याने तो पटकन सुकत नाही. घाम सुकला तरच अंग थंड होतं. म्हणून शरीर आणखी घाम काढतं. घामाबरोबर पाणी जातं आणि मीठही जातं. अशा वेळी मुलाला तीन गोष्टी हव्यात: पाणी, थोडं मीठ आणि हळूहळू मिळत राहणारी ऊर्जा.

आता पिशवीतली कोला बघू. दोन लिटरची बाटली चौघांत वाटली तर प्रत्येकाला अर्धा लिटर. त्यात साधारण ५३ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी. नऊ वर्षांच्या मुलीसाठी दिवसाचे १५०० उष्मांक धरले, तर ही मर्यादा सुमारे ३७ ग्रॅम येते. म्हणजे दिवसभराचा कोटा एका पेयातच ओलांडला.

याहून महत्त्वाची तुलना पुढे आहे. शरीरातलं पाणी भरून काढण्यासाठी बनवलेल्या ओआरएसच्या एक लिटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. हे सूत्र २००२ पासून जगभर वापरलं जातं. एक लिटर कोलात साखर सुमारे १०५ ग्रॅम, आणि मीठ जवळपास नाहीच. इतकं गोड पेय जठरातून सावकाश पुढे सरकतं आणि आतड्यात गेल्यावर तिथे पाणी खेचून घेतं. ज्या मुलाला पाण्याची गरज आहे, त्याला आपण नेमकं उलट काम करणारं पेय देतो.

“पण वेफर्समध्ये मीठ असतं ना?” असतं. त्याचबरोबर वजनाच्या सुमारे एक तृतीयांश तेलही असतं. तेलकट खाणं जठरात रेंगाळतं. घाटातल्या वळणांवर मळमळायला तेवढं पुरतं. आणि त्या मिठाने लागलेली तहान मूल पुन्हा कोलानेच भागवतं. त्या मुलीचं हेच झालं होतं. तिला ‘बाधलं’ काहीच नव्हतं. तिला पाणी आणि मीठ कमी पडलं होतं.

एक गैरसमज माझ्या बाजूचाही

साखर खाल्ली की मुलं उधळतात, असं आपण सर्रास म्हणतो. ते सिद्ध झालेलं नाही. १९९५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात यावरच्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर असा परिणाम दिसला नाही. म्हणून तो मुद्दा मी वापरणार नाही. खोट्या मुद्द्याने खरी बाजू दुबळी होते.

तसंच, ‘आमचा गूळ म्हणजे औषध’ हेही मला मान्य नाही. गूळ ही साखरच आहे. त्यातलं लोह आणि खनिजं एका खड्यातून मिळून मिळणार किती? आंबापोळी आणि फणसपोळीतही भरपूर साखर असते. आजोबांना मधुमेह असेल, तर गुळाला वेगळा न्याय नाही.

मग फरक कुठे पडतो? सोबतीत. शेंगदाण्याबरोबरचा गुळाचा खडा आणि कोलातली साखर यांचा पोटातला प्रवास वेगळा असतो. शेंगदाण्यांत सुमारे २५ टक्के प्रथिनं असतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांतून ७ ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि १७० उष्मांक मिळतात. तेल दाण्यातही आहे, पण मूठभर दाणे चावून खाल्ले की मूल थांबतं. पुडा मात्र तळ दिसेपर्यंत संपत नाही.

नावात ‘ओआरएस’ म्हणून भुलू नका

काही पालक कोलाऐवजी ‘ओआरएस’ असं छापलेलं गोड पेय घेतात आणि निर्धास्त होतात. अशा कित्येक पेयांत साखर सूत्रापेक्षा कितीतरी जास्त असायची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं झगडा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. औषधाच्या दुकानात जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेली पुडी मिळते, ती घ्या. पुडीवर लिहिलेल्या पूर्ण मापाच्या पाण्यातच ती मिसळा. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नका.

साध्या चालण्यासाठी मात्र ओआरएसचीही गरज नाही. साधं पाणी पुरतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला चालताना दर वीस मिनिटांनी अर्धा पेला पाणी द्या, तहान लागायची वाट बघू नका. खूप घाम येत असेल तर कोकमाचं आगळ आहेच. त्यात मीठ आधीपासून असतं. पाणी आणि चिमूटभर साखर घातली की झालं. बाटलीतलं अमृत कोकम वेगळं, ते साखरेच्या पाकातलं असतं. आणि ज्यांना रक्तदाब आहे, त्यांनी आगळ जपून.

शेकोटीवर अमेरिका कशाला?

मार्शमॅलो भाजून बिस्किटांत चॉकलेटबरोबर दाबायचं, हा अमेरिकेतला प्रकार. तिथल्या गर्ल स्काउट्सच्या १९२७ च्या पुस्तकात त्याची कृती छापली गेली. त्यांच्या रानात त्यांना जे सोयीचं, ते त्यांनी केलं. त्यात चूक काही नाही. चूक आपली आहे. फणसाखाली तंबू ठोकून आपण मार्शमॅलो शोधत फिरतो.

एका होमस्टेच्या वहिनी मला सांगत होत्या, “पाहुण्यांना पानगी विचारायची लाज वाटते हो. ‘कॅम्पफायर’ म्हटलं की त्यांना तेच पांढरं पाहिजे असतं.” वहिनी, लाज तुम्हाला वाटायचं काही कारण नाही.

मार्शमॅलो म्हणजे साखर, आणि बहुधा जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेलं जिलेटिन. शाकाहारी घरांनी पाकिटावरची खूण बघावी. भाजल्यावर ते चिकट आणि कढत होतं, कातडीला लागलं की सुटत नाही. लहान मुलाच्या घशात अडकण्याच्या यादीतही ते आहेच.

त्याऐवजी हे करून बघा:

– केळं सालीसकट उभं चिरा, आत खोबरं, थोडा गूळ आणि वेलची भरा, निखाऱ्यांच्या कडेला दहा मिनिटं ठेवा. चमच्याने खा.
– रताळी राखेत पुरा. साल काढली की वर काही घालावंच लागत नाही.
– आठळ्या निखाऱ्यांत भाजा. टाकण्यापूर्वी प्रत्येकीला चीर द्या, नाहीतर फुटून उडतात.
– तांदळाचं पीठ, पिकलं केळं आणि थोडा गूळ कालवून केळीच्या दोन पानांत तव्यावर भाजा. हीच वहिनींची पानगी.

वाटेतल्या डब्यासाठी नाचणीचे लाडू, दाण्याचं कूट-गुळाचे लाडू, भाजलेले चणे, केळी. सगळं हातखंब्याच्या आसपास मिळतं किंवा आदल्या रात्री घरी होतं. मोठा डबा एकदम उघडू नका. तासा-दीड तासाने थोडं थोडं द्या.

देशी म्हणून डोळे मिटू नका

ओल्या नारळाची चटणी, मेयॉनीजचं सँडविच, आदल्या रात्रीचा भात उन्हात तापलेल्या गाडीत नेऊ नका. शिजवलेलं अन्न आपल्या उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको. काही जंतूंनी एकदा विष तयार केलं की पुन्हा गरम करूनही ते जात नाही.

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, चणे, काजू देऊ नका. श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा ही आपल्याकडच्या बालरुग्णांची जुनी दुखरी कहाणी आहे. त्यांच्यासाठी कूट करा, लाडू करा. आणि कोणत्याही वयाचं मूल खाताना धावणार नाही, बसूनच खाईल.

मे महिन्यात झाडाखाली सापडलेल्या काजूच्या बिया मुलांना शेकोटीत टाकू देऊ नका. टरफलातलं तेल तापून अंगावर उडतं, कातडी सोलवटून फोड येतात. धूरही डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. ते जाणत्या माणसाचं काम आहे.

आणि वाळूवर शेकोटी केली असेल, तर ती वाळूने बुजवू नका. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगतात, आणि सकाळी अनवाणी धावणाऱ्या मुलाला ते दिसत नाहीत. पाणी ओता, ढवळा, पुन्हा पाणी ओता. भाजलंच, तर २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळद नको, टूथपेस्ट नको.

‘आमची मुलं दुसरं खातच नाहीत’

हा शेवटचा बचाव. घरी कदाचित खात नसतील, कारण घरी त्यांना खरी भूक लागतच नाही. तीन तास चढून आलेल्या मुलाची भूक वेगळी असते. त्या भुकेला राखेतलं रताळं दिलं, तर त्याची चव त्याला जन्मभर आठवते. त्याच भुकेला वेफर्स दिले, तर तीही चव तशीच आठवते, आणि पुढे प्रत्येक सहल म्हणजे पुडा, हे गणित पक्कं होतं. म्हणजे तो ‘एक दिवस’ कधीच एक दिवस नसतो.

ती मुलगी दोन तास ओआरएस घोट घोट प्यायली आणि सावरली. निघताना तिने विचारलं, “मला भूक लागलीय, काय खाऊ?” मी तिच्या हातावर एक केळं ठेवलं. तिने ते तिथेच, माझ्यासमोर संपवलं. आई बघत राहिली. “घरी कधी हात लावत नाही हो केळ्याला,” ती म्हणाली.

पुढच्या वेळी तिठ्यावर गाडी थांबली, की दुकानाच्या आधी केळीवाल्याकडे जा.