श्रीसूक्तातला चिखल

सध्या एक प्रकार जोरात आहे. कानाला हेडफोन लावायचे, लक्ष्मीचा मंत्र १०८ वेळा ऐकायचा, मनात कृतज्ञतेचा भाव आणायचा, की पैसा आपसूक येतो म्हणे. परीक्षेच्या दिवसांत कॅन्टीनमध्येही हे चाललेलं दिसतं. मंत्र म्हणायला माझी ना नाही. आमच्याकडे पेडण्याला आजोबा दर शुक्रवारी श्रीसूक्त म्हणतात आणि ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालंय. पण आपण काय मागतोय ते एकदा अर्थ लावून वाचायला काय हरकत आहे?

श्रीसूक्त ऋग्वेदाच्या खिलसूक्तांतलं. त्यात सोनं मागितलंय, हे खरं. पण सोन्यासोबत गाई, घोडे आणि माणसंही मागितली आहेत. अलक्ष्मीचं वर्णन तहान-भुकेने मळलेली असं येतं. लक्ष्मीचं एक विशेषण तर ‘करीषिणी’ आहे. करीष म्हणजे वाळलेलं शेण, गोवऱ्या! पुढे तिच्या मुलांची नावं येतात: कर्दम आणि चिक्लीत. कर्दम म्हणजे चिखल, चिक्लीत म्हणजे ओल. कमळावर बसलेल्या देवीची ही पोरं. हे सूक्त रचणाऱ्याचे पाय शेतात होते, असं मला तरी वाटतं. हेडफोनवाल्या समृद्धीत हा चिखल कुठेच नसतो.

आणि कृतज्ञता? सूक्तात स्तुती आहे, मागणं आहे. आभाराचा वेगळा शब्द मला तरी सापडला नाही. आभार आपल्याकडे पीक हाती आल्यावर मानतात. नव्याच्या पंचमीला आपण भाताची नवी कणसं गणपतीपुढे ठेवतो, दाराला बांधतो. सासष्टीत राय गावी ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं. पाद्री नव्या कणसांना आशीर्वाद देतात, मग ती घरोघर जातात. प्रार्थना वेगळ्या, पण दोन्हीकडे हातात कणीस लागतंच.

आमच्या हातात ते नाही. आमचं वायंगण कधीचंच बंद झालं आणि पावसाळी भातही तीन वर्षं लावलेलं नाही. लावणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. बाबांचा हिशेब चुकीचा नाही. पण गेल्या चतुर्थीला म्हापशाच्या बाजारातून कणसांची जुडी विकत आणली, तेव्हा आजोबा जेवताना एक शब्द बोलले नाहीत. पडीक शेताच्या काठावर बसून शुक्रवारी कर्दमाला हाक मारायची, हे मला जड जातं.

यंदा विहिरीकडचा एक कोपरा तरी लावू, असं मी बाबांच्या मागे लागलोय. ते म्हणतात, “चिखलात उतरणार कोण?” सूक्तात माणसं का मागितली आहेत, ते आत्ता कळतंय. लावणीला सहा जण तरी हवेत. आमच्या वर्गातले तिघे तयार झालेत, त्यातला एक रायचाच आहे. जून उजाडायच्या आत अजून दोघं मिळाली तर बघतोय.