दोस्तीत लिमिटेड!
मैत्रीण आणि मी वीकेंडला कापडी पिशव्या विकतो. परवा ती म्हणाली, ‘पार्टनरशिप करू या. स्टॅम्पपेपरवर दोन सह्या, बस्स!’ मीही तयार. पण सीएकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘१९३२चा कायदा सांगतो, फर्मसाठी तिनं केलेली उधारी तूही फेडायची. वेळ आली तर स्वतःच्या खिशातून!’ तिच्या डोक्यावर फ्लॅटचं लोन, माझी कमाई फ्रीलान्सची. दोघीही गप्प. २००८च्या कायद्यातल्या एलएलपीत जबाबदारी सहसा गुंतवणुकीपुरतीच. पण विक्री शून्य असली तरी दरवर्षी फॉर्म ८ आणि ११ भरायचेच. शेवटी एलएलपीच ठरली. दोस्ती टिकत असेल, तर एवढी कटकट चालेल. आणि हो, नोकरी करताय? आधी अपॉइंटमेंट लेटर नीट वाचा. जोडधंद्याला मनाई असलीच, तर बहुधा तिथंच सापडेल!